मेकॅट्रॉनिक्समध्ये मास्टर्स : जर्मनी की इथेच? आणि आत नेमकं शिकवतात काय?

पंचगंगा

नमस्कार मंडळी,

शिवाजी विद्यापीठातून मेकॅनिकलला बी.ई. झालोय, सीजीपीए ७.६. सध्या चाकणला एका ऑटो-पार्ट्सच्या कंपनीत मेंटेनन्सला आहे. असेंब्ली लाइनवरचे रोबो, सर्वो (नेमक्या जागी नेऊन थांबवता येणाऱ्या मोटर), पीएलसी (यंत्र चालवणारा औद्योगिक संगणक) यांच्याशी रोजचा संबंध. लाइन थांबली की इलेक्ट्रिकलवाले म्हणतात मेकॅनिकल बघा, मेकॅनिकलवाले म्हणतात प्रोग्रॅम बघा, आणि प्रोग्रॅम लिहिणारा व्हेंडर येईपर्यंत सगळे खोळंबून राहतात. या तिघांच्या मधे जे काही आहे तेच मला नीट शिकायचंय, म्हणून मेकॅट्रॉनिक्समध्ये मास्टर्स करायचं डोक्यात आहे.

बी.ई.ला या नावाचा एक पेपर होता. सेन्सरचे प्रकार, न्यूमॅटिक सर्किट, थोडं लॅडर लॉजिक (पीएलसीचा प्रोग्रॅम लिहायची पद्धत), संपलं. मास्टर्सला याच्या पुढे काय असतं? जर्मनीला जावं की गेट (एम.टेक.ची प्रवेश परीक्षा) देऊन इथेच एम.टेक. करावं? घरी शेती आहे, कर्ज काढावं लागेल, तेव्हा खर्चाचंही स्पष्ट सांगा. कन्सल्टंटकडे जाऊन आलो. त्यांनी विद्यापीठांची यादी दिली, पण तिथे काय शिकवतात हे विचारल्यावर उत्तर मिळालं नाही.

हार्बुर्गकर

पंचगंगा, तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून तिथूनच सुरू करते. मी हॅम्बुर्गच्या टीयूमधून (तंत्र विद्यापीठातून) मेकॅट्रॉनिक्स केलं आणि आता मोशन कंट्रोलमध्ये काम करते.

मास्टर्सचा कणा म्हणजे मॉडेलिंग (यंत्र समीकरणांत मांडणं) आणि कंट्रोल (ते हवं तसं वागवणं). बाकी सगळं, म्हणजे रोबोटिक्स, एम्बेडेड, इमेज प्रोसेसिंग, फायनाइट एलिमेंट, त्याला जोडलेलं असतं. बॅचलरला पीआयडी (चूक मोजून ती दुरुस्त करणारा साधा कंट्रोलर) ट्यूनिंगवर गाडी थांबते. इथे स्टेट-स्पेसपासून (यंत्राची स्थिती मॅट्रिक्सनं मांडण्यापासून) सुरुवात होते आणि तिथून एलक्यूआर, कालमन फिल्टर, सिस्टिम आयडेंटिफिकेशन, डिजिटल कंट्रोल अशा पुढच्या पद्धती. लिनियर अल्जिब्रा आणि लाप्लास हाताखाली नसतील तर पहिलं सेमिस्टर फार जड जातं.

एका प्रयोगाचं सविस्तर सांगते, म्हणजे कल्पना येईल. टेबलावर एक सर्वो मोटर, तिला बारीक लवचीक शाफ्ट, पलीकडच्या टोकाला जड चकती. दोन्ही टोकांना एन्कोडर, म्हणजे फिरलेला कोन मोजणारे सेन्सर. काम एवढंच की चकती सांगितलेल्या कोनात नेऊन थांबवायची. गेन (चुकीला कंट्रोलर किती जोरानं उत्तर देतो ते) कमी ठेवला तर चकती रेंगाळते. वाढवत गेलं की एका टप्प्यावर अख्खं टेबल घुमायला लागतं. मेकॅनिकलच्या मुलाच्या लगेच लक्षात येतं की शाफ्टची नैसर्गिक वारंवारता चाळवली गेली. तो म्हणतो शाफ्ट जाड करू. इलेक्ट्रॉनिक्सवाला म्हणतो शाफ्टला हात लावू नका, फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स मोजू आणि बरोबर त्या वारंवारतेवर नॉच फिल्टर (तेवढीच वारंवारता दाबणारा) टाकू. तरीही हालचाल हवी तशी होत नाही, तेव्हा कुणीतरी बघतं की संदेश फिरून यायला १० मिलिसेकंद लागताहेत. १० हर्ट्झच्या हालचालीला १० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे ३६ अंशांचा फेज लॅग, हालचालीच्या चक्रात तेवढं मागे पडणं. स्थैर्याचं मार्जिन बरंचसं तिथेच खर्ची पडतं. उशीर १ मिलिसेकंदावर आणला की तोच आकडा ३.६ अंश होतो. मोटर तीच, शाफ्ट तोच, चकती तीच, आणि यंत्र मात्र शहाण्यासारखं वागायला लागतं.

तुमच्या लाइनवर "तुमचं बघा, तुमचं बघा" चालतं ना, त्याचं उत्तर या प्रयोगात आहे. दोष तिघांपैकी एकाच्या हद्दीत बसतच नाही. तो मोजून, समीकरणात मांडून, मग ठरवायचं की दुरुस्ती लोखंडात करायची, तारेत करायची की कोडमध्ये. ही दृष्टी येते का, यावरच मी कुठल्याही कोर्सची किंमत करते.

जर्मनीत यासाठी एक मार्गदर्शक तत्त्वच आहे, व्हीडीआय २२०६. पहिली आवृत्ती २००४ची, सुधारित २०२१ची. त्यातलं व्ही-मॉडेल जवळपास सगळीकडे शिकवतात : डाव्या बाजूनं गरजा ठरवत, यंत्रणेचे भाग पाडत खाली उतरायचं, तळाशी प्रत्येक शाखेनं आपला भाग करायचा, आणि उजव्या बाजूनं जोडत, तपासत वर चढायचं. कागदावर साधं दिसतं. प्रोजेक्टमध्ये सहा जणांच्या गटात राबवताना कळतं की तपासणी कशी करणार हे गरज लिहितानाच ठरवावं लागतं.

सुरतकल_एक्सप्रेस

हार्बुर्गकरांचा प्रतिसाद पटला. आता इथल्या बाजूनं थोडं.

मी एनआयटी सुरतकलला मेकॅट्रॉनिक्समध्ये एम.टेक. केलं. आयआयटी पाटण्यालाही याच नावाचं एम.टेक. आहे, शिबपूरच्या आयआयईएसटीतही. पण नावाला चिकटून राहू नका. आयआयटी मुंबईचं सिस्टिम्स अँड कंट्रोल हे कंट्रोलच्या बाबतीत देशातल्या उत्तम विभागांपैकी आहे, फक्त नावात मेकॅट्रॉनिक्स नाही म्हणून मुलं तिकडे बघतसुद्धा नाहीत.

गेट पास होऊन प्रवेश घेतला की महिना १२,४०० रुपये स्टायपेंड मिळतो. श्रीमंती नाही, पण हॉस्टेल-मेसचा मोठा भार उचलला जातो आणि दोन वर्षांनी डोक्यावर कर्ज नसतं. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. एनआयटींसाठी सीसीएमटी या सामाईक प्रवेश प्रक्रियेचं समुपदेशन, आयआयटींच्या ऑफर सीओएपी या पोर्टलवर. तुम्ही मेकॅनिकलचा पेपर द्याल, पण त्या त्या विभागाला कुठला पेपर चालतो ते माहितीपुस्तिकेत बघून घ्या.

आणि इथे रोबोटिक्सचं खरं काम होत नाही असं कुणी सांगितलं तर मानू नका. बॉम्ब निकामी करणारा 'दक्ष' हा दूरनियंत्रित रोबो आपल्या पुण्यातल्या दिघीच्या डीआरडीओ प्रयोगशाळेत विकसित झाला. आयआयटी मुंबईचा ई-यंत्र उपक्रम वर्षानुवर्षं देशभरातल्या मुलांकडून रोबो बनवून घेतोय. २०१४ची आशिया-पॅसिफिक रोबोकॉन बालेवाडीला झाली होती. आमच्या वर्गात रोबोकॉन खेळून आलेली मुलं होती. गिअरबॉक्स का तुटला, ब्रेडबोर्डवरचा ग्राउंड का सुटला, हे त्यांना पुस्तकाआधी हातानं कळलेलं असायचं.

लाइन_बिल्डर

भोसरीत एसपीएम बनवतो, म्हणजे गिऱ्हाइकाच्या जॉबप्रमाणे खास यंत्रं. दरवर्षी मेकॅट्रॉनिक्स, रोबोटिक्स, ऑटोमेशन अशा डिग्र्यांची मुलं मुलाखतीला येतात. मी काय विचारतो ते सांगतो, उपयोग होईल.

सर्वोला २,५०० लाइनचा एन्कोडर आहे, क्वाड्रेचरनं (एका लाइनला चार काउंट) वाचतोय. मोटर थेट १० मिलिमीटर लीडच्या (एका फेऱ्यात टेबल तेवढं सरकवणाऱ्या) बॉल स्क्रूला जोडलीय. एका काउंटला टेबल किती सरकेल? उत्तर सोपं आहे. एका फेऱ्यात १०,००० काउंट, म्हणून एका काउंटला १ मायक्रॉन. बहुतेक जण इथवर येतात.

पुढचा प्रश्न : स्क्रू झिजलाय, नटमध्ये २० मायक्रॉनचा बॅकलॅश (सैलपणा) आहे. आता तुमच्या त्या १ मायक्रॉनचं काय? काही जण म्हणतात, जास्त लाइनचा एन्कोडर लावू. त्यांना मोटरच्या मागे बसलेला एन्कोडर नेमकं काय बघतो हेच समजलेलं नसतं. चांगली मुलं म्हणतात, टेबलावरच लिनियर स्केल लावू आणि फीडबॅक तिथून घेऊ. मग मी विचारतो, आता बॅकलॅश लूपच्या आत आला, काय होईल? ज्याला कळतं की टेबल जागेवर थरथरत राहू शकतं, हंटिंग होऊ शकतं, म्हणून आधी प्रीलोड केलेला (सैलपणा राहू नये असा घट्ट बसवलेला) नट घालू आणि मग स्केलचं बोलू, त्याला मी त्याच दिवशी घेतो. तो एम.टेक. आहे, एम.एस. आहे की नुसता डिप्लोमा, याने मला फरक पडत नाही.

पंचगंगा, तुम्ही मेंटेनन्सला आहात. ही यंत्रं उघडलेली तुम्ही रोज बघता. कॉलेजातून थेट परदेशी जाणाऱ्या मुलाकडे हे नसतं. याची किंमत कमी समजू नका.

पंचगंगा

सगळ्यांचे मनापासून आभार. लाइन_बिल्डर साहेब, तुमचा प्रश्न वाचून आमच्या एका स्टेशनवर टेबल जागेवर का थरथरतं याचा अंदाज आला. उद्याच बघतो.

हार्बुर्गकर, दोन गोष्टी विचारायच्या होत्या. ७.६ला जर्मनीत प्रवेश मिळतो का? आणि कोर्समध्ये ती दृष्टी येते की नाही हे इथे बसून कसं ओळखायचं?

हार्बुर्गकर

गुणांचं आधी. बव्हेरियन सूत्र नावाची पद्धत आहे. कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि उत्तीर्णतेच्या गुणांमधल्या फरकानं भागायचं, तीननं गुणून एक मिळवायचा. तुमच्या विद्यापीठात १० पैकी ४ला उत्तीर्ण धरत असतील तर २.४ भागिले ६, गुणिले ३, अधिक १, म्हणजे २.२. उत्तीर्णतेची रेषा ५ असेल तर तेच गुण २.४४ होतात. इथे १ सर्वोत्तम, ४ काठावर पास. बऱ्याच ठिकाणी २.५ ही मर्यादा असते, म्हणजे तुम्ही दारात आहात. म्हणूनच विद्यापीठाकडून ग्रेडिंगचा अधिकृत कागद घ्या, त्यावर उत्तीर्णतेची रेषा स्पष्ट छापलेली हवी.

पण मेकॅनिकलच्या मुलांचे अर्ज गुणांपेक्षा विषयांवर जास्त अडतात. अनेक कोर्सेस अट घालतात की बॅचलरला गणिताचे इतके, इलेक्ट्रिकलचे इतके, कंट्रोलचे इतके क्रेडिट झालेले हवेत. इथला एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तासांचा एकूण अभ्यास, त्यामुळे आपल्या क्रेडिटशी आकड्याला आकडा जुळत नाही. चारही वर्षांचा तपशीलवार सिलॅबस जोडा. मेकॅट्रॉनिक्स, कंट्रोल, इलेक्ट्रिकल टेक्नॉलॉजी, न्यूमेरिकल मेथड्स हे पेपर कुठे आहेत ते समितीला शोधायला लावू नका.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : मोडुलहांडबुख. प्रत्येक कोर्सची ही पुस्तिका विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट मिळते. एकेका विषयात काय शिकवणार, आधी काय येत असलं पाहिजे, प्रयोगशाळा किती तास, परीक्षा तोंडी की लेखी, सगळं त्यात असतं. १२० क्रेडिटच्या कोर्समध्ये बहुधा ३० प्रबंधाला जातात. उरलेल्या ९०पैकी सक्तीचे कुठले आणि ऐच्छिक कुठले, हे बघा. सक्तीच्यात कंट्रोल आणि मॉडेलिंग भक्कम असेल आणि ऐच्छिकांत तुम्हाला एका दिशेनं खोल जाता येत असेल, तर कोर्स चांगला. सगळं थोडं थोडं असेल तर दोन वर्षांनी तुम्ही पुन्हा तिघांच्या मधेच उभे, फक्त हातात डिग्री. हे मी कळकळीनं सांगतेय, कारण मेकॅट्रॉनिक्सचा मोठा धोका हाच आहे.

इंग्रजीतून मेकॅट्रॉनिक्स शिकवणाऱ्यांत आमचं हॅम्बुर्ग, झीगन, एफएच आखेन, वाइनगार्टनची आरडब्ल्यूयू ही नावं बघा. डॉर्टमुंडचं ऑटोमेशन अँड रोबोटिक्सही जवळचंच. टीयूमध्ये सिद्धान्तावर भर. होखशूलमध्ये (एफएचसारख्या उपयोजित विज्ञानाच्या विद्यापीठांत) प्राध्यापक व्हायला विद्यापीठाबाहेर उद्योगात केलेलं काम लागतं, त्यामुळे तिथलं शिकवणं यंत्राच्या जास्त जवळचं. तुमच्या पार्श्वभूमीला मी होखशूल कमी लेखणार नाही. फक्त काही होखशूलांचे मास्टर्स ९० क्रेडिटचे, दीड वर्षाचे असतात आणि त्यांना २१० क्रेडिटचं बॅचलर हवं असतं. ती अट आधी वाचा.

निफाडची_आई

माझी मुलगी इन्स्ट्रुमेंटेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिलाही हेच करायचंय, म्हणून हा धागा पहिल्यापासून वाचतेय. जर्मनीत फी नसते म्हणतात आणि मग बारा लाख भरा म्हणतात. हे बारा लाख नेमके कशाचे? द्राक्षाचा पैसा एकदम येतो आणि एकदम जातो, आम्हाला आधीच मांडामांड करावी लागते.

हार्बुर्गकर

काकू, ती फी नाही. त्याला ब्लॉक्ड अकाउंट म्हणतात. व्हिसासाठी मुलीच्याच नावावर ११,९०४ युरो ठेवायचे, आणि ती इथे आली की दर महिन्याला ९९२ युरो तिला त्यातूनच राहण्या-खाण्याला मिळत जातात. पैसा तुमचाच, फक्त आधी दाखवायचा. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर बारा लाखांच्या घरात जातो. हे एका वर्षाचं. दुसऱ्या वर्षाची सोय वेगळी बघावी लागते.

फीचं म्हणाल तर बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, प्रत्येक सेमिस्टरला थोडी वर्गणी असते आणि अनेक ठिकाणी त्यात प्रवासाचं तिकीट येतं. मात्र बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १,५०० युरो लागतात. मी वर सांगितलेलं वाइनगार्टन त्याच राज्यात आहे. म्युनिकच्या टीयूनं २०२४च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सेमिस्टरमागे ४,००० ते ६,००० युरो लावलेत. तेव्हा "जर्मनीत फुकट" हे वाक्य प्रत्येक विद्यापीठापुरतं तपासा.

शिकताना काम करता येतं, वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. पण पहिल्या सेमिस्टरला कामाच्या भरवशावर येऊ नये. आधी सांगितलं तसं, तेव्हा अभ्यासच पुरेसा असतो.

सुरतकल_एक्सप्रेस

काकू, शैक्षणिक कर्जासाठी विद्यालक्ष्मी पोर्टलवर एकाच ठिकाणी अनेक बँकांना अर्ज करता येतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिला विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, म्हणून विद्यापीठ निवडतानाच ती यादी समोर ठेवावी. जर्मनीत पोचल्यावर डॉइचलांडस्टिपेंडियम ही महिना ३०० युरोंची शिष्यवृत्ती गुणवत्तेवर मिळते, परदेशी मुलांनाही.

आल्स_बेटावरून

कुणी डेन्मार्कचं नाव घेतलं नाही म्हणून लिहितो. दक्षिण डेन्मार्क विद्यापीठाचा सॉनरबोर्गला कँपस आहे, जर्मनीच्या सीमेलगत. तिथे मेकॅट्रॉनिक्सचं मास्टर्स इंग्रजीतून आहे. गाव लहान, पण डॅनफॉसचं मुख्यालय जवळच नोरबोर्गला, त्यामुळे ड्राइव्ह, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, हायड्रॉलिक्स यांत काम करणारी माणसं आजूबाजूला भरपूर. युरोपबाहेरच्यांना फी आहे आणि ती कमी नाही. कर्ज काढून येणाऱ्याला मी आधी जर्मनीच बघायला सांगेन.

रात्रपाळी

एक वेगळा मुद्दा. सगळे जर्मनीचं कौतुक करताहेत, पण तिथल्या वाहन उद्योगाची अवस्था बघा. फोक्सवागेननं डिसेंबर २०२४मध्ये कामगार संघटनेशी करार केला, त्यात २०३०पर्यंत ३५,००० हून अधिक जागा कमी करायचं ठरलं. वाहनांचे भाग बनवणाऱ्या झेडएफनंही २०२८पर्यंत जर्मनीत १४,००० पर्यंत जागा घटवण्याचं जाहीर केलंय. मेकॅट्रॉनिक्सची मुलं प्रामुख्यानं याच उद्योगात जातात. शेतकऱ्याच्या मुलानं कर्ज काढून या वेळी जावं का?

हार्बुर्गकर

रात्रपाळी, तुमची काळजी रास्त आहे. नोकरीला आता पूर्वीपेक्षा वेळ लागतो, मोटारींच्या कंपन्यांत तर जास्तच. माझ्या ओळखीतली जी मुलं मोटारीच हव्यात म्हणून अडून बसली त्यांना त्रास झाला. पॅकेजिंगची यंत्रं, गोदामातलं ऑटोमेशन, वैद्यकीय उपकरणं, पवनचक्क्या, चिप बनवायच्या यंत्रांचे भाग, इथेही हेच ज्ञान लागतं. पण या कंपन्या बऱ्याचदा लहान गावांत, कुटुंबाच्या मालकीच्या, आणि तिथे मीटिंग जर्मनमध्ये चालते. म्हणून मी भाषेला अर्धा मास्टर्स मानते. कोर्स इंग्रजीतून असला तरी जर्मनची बी१ ही मधली पातळी घेऊन या आणि इथे त्यापुढची बी२ करा. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने राहता येतं. ते महिने भाषा शिकण्यात गेले तर हातात काही उरत नाही.

वेर्कश्टुडंट म्हणून सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत कंपनीत काम करता येतं. प्रबंधही कंपनीत करता येतो. ज्यांनी दोन्ही एकाच ठिकाणी केलं त्यांना नोकरीचा मार्ग त्यातूनच मिळालेला मी जास्त पाहिलाय.

आणि कर्जाबद्दल : गेटचा स्कोअर चांगला आला आणि कंट्रोलचा चांगला विभाग मिळाला, तर कर्ज काढून इकडे येण्यापेक्षा तिथे एम.टेक. करणं मी स्वतः वरचढ मानेन. पीएचडीला किंवा नोकरीला नंतरही येता येतं.

पंचगंगा

आता चित्र स्पष्ट झालं. मी असं ठरवतोय : फेब्रुवारीत गेट द्यायची, जर्मनचा ए१ सुरू करायचा, आणि दोन्हीकडे अर्ज करायचे. शिफ्ट सांभाळून वर्षभरात हातानं काय करता येईल तेवढं सांगा.

लाइन_बिल्डर

तुमच्याकडे लाखमोलाची लॅब आहे. सर्वो ड्राइव्हच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रेसची सोय असते. वरिष्ठांची परवानगी घेऊन, यंत्र सुरक्षित स्थितीत असताना, दिलेला वेग आणि प्रत्यक्ष वेग यांचा आलेख रेकॉर्ड करा. एखादं चांगलं स्टेशन आणि ते थरथरणारं स्टेशन, दोन्हीचे आलेख शेजारी ठेवा. यास्कावाचे ड्राइव्ह असतील तर या शाखेचं नावसुद्धा त्याच कंपनीतल्या तेत्सुरो मोरी यांनी १९६९ साली दिलंय.

घरी एन्कोडरवाली लहान डीसी मोटर आणि साधा मायक्रोकंट्रोलर आणा. मोटरला एकदम व्होल्टेज द्या, वेग कसा चढतो ते नोंदवा, अंतिम वेगाच्या ६३ टक्क्यांवर पोचायला किती वेळ लागला तो टाइम कॉन्स्टंट काढा. त्यावरून ट्रान्सफर फंक्शन (व्होल्टेज आणि वेग यांचं गणिती नातं) लिहा, कागदावर कंट्रोलर ठरवा, मग तोच कोडमध्ये घाला आणि कागद आणि मोटर यांत फरक का पडला ते शोधा. घर्षण, व्होल्टेजची मर्यादा, सॅम्पलिंगचा वेळ, यांतलं काहीतरी सापडेलच. एसओपीमध्ये (अर्जासोबतच्या हेतुपत्रात) "मला लहानपणापासून यंत्रांची आवड" लिहिण्यापेक्षा हा एक आलेख आणि त्याखाली चार ओळी लिहा.

हार्बुर्गकर

आलेखाबद्दल पूर्ण सहमत, पण तो कंपनीचा असेल तर बाहेर दाखवायची लेखी परवानगी घ्या. नाहीतर घरच्या मोटरचाच जोडा.

कागदपत्रांत सगळ्यात आधी एपीएस, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारं प्रमाणपत्र. नोव्हेंबर २०२२पासून भारतीय विद्यार्थ्यांना ते प्रमाणपत्र सक्तीचं आहे, शुल्क १८,००० रुपये, आणि वेळ लागतो. युनि-असिस्ट या सामाईक अर्जसेवेमार्फत अर्ज केले तर पहिल्याला ७५ युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३०. हिवाळी सत्राची मुदत अनेक ठिकाणी १५ जुलै असली तरी परदेशी अर्जदारांसाठी ती बऱ्याच कोर्सेसना मार्चमध्ये किंवा त्याआधीही संपते. गेट फेब्रुवारीत आहे, म्हणजे दोन्ही एकाच वेळी अंगावर येईल. एपीएसची कागदं दिवाळीआधी पाठवून द्या, आणि काकू, तुमच्या मुलीच्या शेवटच्या वर्षाच्या गुणपत्रिका यायच्या असतील तर एपीएसच्या संकेतस्थळावर शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठीची कागदपत्रांची यादी वेगळी बघून घ्या.